शिध्याचा डबा आणि अस्वल

वाचकाचे पत्र

आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. येत्या ऑगस्टमध्ये मी, माझे पती आणि पुण्याहून येणारे माझे वडील असे तिघे सिएरा नेवाडा डोंगरांतली जॉन म्यूर ट्रेल ही लांब पायवाट उत्तरेकडून दक्षिणेकडे पूर्ण चालणार आहोत. परवाना हातात आहे. बाबा 63 वर्षांचे आहेत, पण चाळीस वर्षे सह्याद्रीत हिंडले आहेत आणि चालण्यात आम्हा दोघांना मागे टाकतील. अडचण शिध्याची आहे. परवान्याबरोबर आलेल्या सूचनांत बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा कडक डबा, सक्तीचा आहे असे लिहिले आहे. दुकानात तो उचलून पाहिला, तर रिकामा डबाच सव्वा किलोच्या जवळ भरला. बाबा म्हणतात, "पिशवी दोरीने उंच फांदीला टांगली की झाले, आम्ही जन्मभर तेच केले." पतींना त्याऐवजी न फाटणाऱ्या कापडाची हलकी पिशवी घ्यायची आहे. आणि मला काळजी वेगळीच आहे : म्यूर ट्रेल रँच या वाटेतल्या शिधा घेण्याच्या ठिकाणानंतर शेवटचे दहा दिवस वाटेत काहीच मिळणार नाही, तेव्हा इतके खाणे डब्यात मावणार कसे? आणखी एक. बाबा जेवण्याआधी पहिला घास पानाबाहेर काढून पाखरांसाठी ठेवतात. तिथे ते चालेल का, आणि चालणार नसेल तर त्यांना सांगावे कसे?

— एक वाचक, सनीव्हेल

उत्तर

सप्रेम नमस्कार.

डबा घ्यावा की नाही, हा आपल्या पत्रातला पहिला प्रश्न कायद्याने आधीच निकालात काढला आहे, म्हणून तो आधी संपवू. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या संपूर्ण रानात मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येकाने मान्यताप्राप्त कडक डबा बाळगणे सक्तीचे आहे आणि पिशवी झाडाला टांगणे हा तिथे नियमभंग मानला जातो. पुढे इन्यो राष्ट्रीय वनातून आणि सिकोया व किंग्ज कॅन्यन उद्यानांतून जाणाऱ्या आपल्या वाटेच्या मोठ्या भागातही हीच सक्ती आहे. कुठल्या खोऱ्यात डबा लागतो आणि कुठल्या खोऱ्यात लागत नाही याचा हिशेब करत 211 मैल चालण्यापेक्षा तो पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाठीवर असू द्यावा. वाटेत रेंजर भेटला तर परवान्याबरोबर तो डबाही पाहायला मागतो. योसेमिटीत अन्न नीट न ठेवल्याबद्दल 5,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ही रक्कम बाबांना रुपयांत सांगावी, म्हणजे अर्धा वाद तिथेच मिटेल.

उरलेला अर्धा वाद मात्र दंडाच्या धाकाने मिटवू नये, कारण बाबांचा अनुभव खोटा नाही, तो दुसऱ्या चोरांचा आहे. गडावरच्या गुहेत खुंटीला अडकवलेली पिशवी उंदरापासून वाचते, आणि माकडाने ती पळवलीच तर फार तर दुपारच्या दशम्या जातात. टांगलेल्या पिशव्यांचा अभ्यास सिएरा नेवाडातल्या काळ्या अस्वलांनी कित्येक पिढ्या केलेला आहे. दोरी खोडाला जिथे बांधली असेल तिथे ती चावून तोडायची, फांदी पेलणारी असेल तर स्वतः चढायचे, आणि पेलणारी नसेल तर पिल्लाला वर पाठवायचे, हे त्यांचे नेहमीचे मार्ग आहेत. त्याहून साधी अडचण अशी की या वाटेचा बराच भाग 10,000 फुटांच्या वर आहे. तिथे झाडे खुरटी असतात किंवा नसतातच, तेव्हा पिशवी टांगायची कुठे, हा प्रश्न बाबांनाच विचारून पाहावा.

ही अस्वले उपजत चोर नव्हेत, हेही त्यांना सांगण्यासारखे आहे. योसेमिटीत 1940 सालापर्यंत उद्यानातर्फेच अस्वलांना उकिरड्यावर खाऊ घातले जाई आणि प्रवासी ते पाहायला जमत. माणसाचा वास म्हणजे जेवण, हे समीकरण त्यांना आपणच शिकवले आणि आईकडून ते पिल्लांकडे गेले. 1998 या एका वर्षात योसेमिटीत अस्वलांनी केलेल्या नुकसानीच्या दीड हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्यांत मोटारींची दारे वाकवून उघडल्याच्या पुष्कळ होत्या. त्यानंतर डब्यांची सक्ती, लोखंडी फूड लॉकर आणि रेंजरांची गस्त यांमुळे ही संख्या अगदी थोड्यावर आली आहे. अन्नाला चटावलेले अस्वल हळूहळू माणसाला भिईनासे होते आणि शेवटी उद्यानालाच त्याला मारावे लागते. बाबांच्या हे लगेच ध्यानात येईल, कारण आपल्याकडे प्रत्येक घाटात वानरांना केळी देऊन आपण तेच केले आहे. फक्त, ताडोबा-मेळघाटातल्या अस्वलाविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते इथे लागू करू नये. आपले अस्वल वाळवी, मुंग्या, मध आणि मोहाची फुले यांच्या मागे असते आणि एकाएकी समोरासमोर गाठ पडली तर अंगावर येते. इथल्या काळ्या अस्वलाला आपल्यात रस नसतो, आपल्या पाठपिशवीत असतो. (रंगाने ते पुष्कळदा तपकिरी किंवा पिवळसरही असते. त्यावरून ते ग्रिझली, म्हणजे त्याहून मोठ्या जातीचे तपकिरी अस्वल, समजून घाबरू नये. कॅलिफोर्नियातली ग्रिझली अस्वले शंभर वर्षांपूर्वीच संपली आणि आता ती राज्याच्या झेंड्यावर तेवढी उरली आहेत.)

आपल्या पतींची कापडी पिशवी वाईट नाही, पण ती या वाटेसाठी नाही. तिचे कापड अस्वलाच्या दाताने सहसा फाटत नाही हे खरे. तरी आत ठेवलेल्या खाण्याचा रात्रभर चावून आणि तुडवून लगदा होतो, आणि योसेमिटीत ती मुळात मान्यच नाही. खरेदीच्या वेळी एक गफलत हमखास होते, म्हणून सांगतो. माँटानात वेस्ट यलोस्टोन येथे बंदिवासातल्या ग्रिझली अस्वलांपुढे असे डबे आणि पिशव्या टाकून तासभर त्यांची परीक्षा घेतात. त्या परीक्षेत उतरल्याचा शिक्का वस्तूवर असतो, परंतु शिक्का असणे वेगळे आणि विशिष्ट उद्यानाच्या मान्य यादीत असणे वेगळे. यादी पाहूनच पैसे मोजावेत. डबा पुन्हा लागणार नसेल तर परवाना कचेरीतून भाड्याने घ्यावा.

डबा अस्वलापुढे टिकतो तो केवळ मजबूत असल्यामुळे नव्हे. तो जबड्यात मावत नाही इतका रुंद असतो, नखे अडकावीत असा कोपरा किंवा कडी त्याला नसते आणि झाकण काठाशी सपाट बसते. हे गुण आपणच आपल्या हाताने घालवू शकतो. उचलायला सोपे जावे म्हणून डब्याला दोरी बांधली किंवा तो पिशवीत घालून ठेवला, की अस्वलाला धरायला मूठ मिळाली आणि डबा गेला. झाकण अर्धे फिरवून "उद्या सकाळी उघडायचेच आहे" म्हणून तसेच ठेवले, तर तो साधा बरणीचा डबा झाला. रात्री तो पूर्ण बंद करून तंबूपासून निदान 100 फुटांवर, म्हणजे साधारण चाळीस पावलांवर, सपाट जमिनीवर ठेवावा. कड्याच्या वर किंवा ओढ्याच्या काठी ठेवू नये, कारण अस्वल त्याला लाथाडत, लोळवत नेते. मी एकदा योसेमिटीतल्या लायल खोऱ्यात मुक्काम केला होता. सकाळी डबा ठेवल्या जागी नव्हता. शोधता शोधता तो पलीकडच्या गवतात आडवा सापडला. झाकणाभोवती मातीने भरलेले चार ओरखडे होते आणि बाहेरून चिकट लाळ वाळून तिच्यावर गवताच्या काड्या बसल्या होत्या. आतला शेंगदाण्याचा कूट जसाच्या तसा होता. तेव्हापासून मी डबा ठेवताना मोठ्या दगडाची किंवा आडव्या पडलेल्या ओंडक्याची खूण लक्षात ठेवतो, म्हणजे शोध निदान कुठून सुरू करायचा ते कळते. डब्यावर चकचकीत रंगाची चिकटपट्टी लावून घेतलेली बरी.

डबा म्हणजे अभेद्य किल्ला, असेही समजू नये. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरोंडॅक डोंगरांत कानाला दोन पिवळे बिल्ले असल्याने 'यलो-यलो' म्हणून ओळखली जाणारी एक लहानखुरी मादी होती. एका प्रसिद्ध पारदर्शक डब्याच्या झाकणाचा खटका दाताने दाबून ते फिरवायला ती शिकली होती. निर्मात्यांनी दुसरा खटका बसवला, तर तोही तिने उलगडला. सिएरात तोच डबा मान्य आहे आणि बहुतेक लोक तोच वापरतात, म्हणून आपण घाबरण्याचे कारण नाही. पण अशा प्राण्याशी गाठ आहे, एवढे ध्यानात असावे.

आता आपल्या खऱ्या काळजीकडे वळतो. या प्रवासाचा निकाल डोंगरात लागत नाही, सनीव्हेलच्या ओट्यावर लागतो. मोठा डबा साडेअकरा लिटरचा येतो. तिघांचे तीन डबे धरले तर साडेचौतीस लिटर जागा झाली. डब्यात मावायला हवे ते रात्री शिल्लक असेल तेवढेच, म्हणून रँचवरून निघालेल्या दिवसाचे खाणे सोडून द्यावे. उरले नऊ दिवस, म्हणजे तिघांची मिळून सत्तावीस दिवसांची बेगमी. माणशी रोज 700 ग्रॅम कोरडा शिधा धरला तर एकूण एकोणीस किलो होतो. याचा अर्थ प्रत्येक लिटरमागे जवळजवळ साडेपाचशे ग्रॅम अन्न बसले पाहिजे, आणि बाकीच्या वासाच्या वस्तूंना जागा वेगळी. मावेल, पण जेमतेम.

म्हणून यापुढे प्रत्येक पदार्थ वजनाने न तोलता जागेने तोलावा. लिटरच्या मापात चुरमुऱ्यांचे भडंग भरून काट्यावर ठेवा. काटा शे-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास रेंगाळेल, म्हणजे आपण डोंगरावर हवा वाहून नेत आहोत. त्याच मापात बेसनाचे लाडू मोडून चमच्याने दाबून भरले तर पाऊण किलोच्या घरात जातात. लाडू वळूच नयेत. गोल लाडवांच्या मधल्या फटी वाया जातात. डिंकाचे, दाण्याचे, बेसनाचे जे काही न्याल ते वड्या पाडून किंवा सरळ थापून न्यावे. साजूक तुपाला या वाटेवर तोड नाही : एका ग्रॅममागे नऊ उष्मांक, आणि घट्ट फिरकीच्या बाटलीत ते कोपऱ्यात कुठेही बसते. ते मात्र दोन पिशव्यांत गुंडाळावे, कारण दुपारच्या उन्हात डब्यात ते पातळ होते. सातूचे पीठ, मेतकूट, गूळ घालून भाजलेली कणीक, भाजून घेतलेला सांजा, दाण्याची सुकी चटणी हे सगळे पीठ किंवा कूट असल्याने इतर पुड्यांमधल्या फटींत शिरते, आणि डबा भरण्यात खरी गंमत तिथेच आहे. कच्चे तांदूळ आणि तुरीची डाळ यांच्या नादी लागू नये. 3,000 मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते, डाळ शिजत नाही आणि इंधन संपते. भात आणि वरण घरी शिजवून ओव्हनमध्ये मंद आचेवर किंवा सुकवणी यंत्रात कडकडीत वाळवावे. वाळलेल्या वरणाचे मिक्सरवर पीठ केले की ते मूठभर होते. पापड सोडवत नसतील तर न भाजलेले, डब्याच्या आतल्या भिंतीला लावून उभे ठेवावेत. तिथे ते जवळजवळ जागा घेत नाहीत.

दुकानातली वेष्टने घरीच काढून टाकावीत. भरताना दिवसांचा क्रम उलटा ठेवावा, म्हणजे शेवटच्या दिवसाचे तळाशी. प्रत्येक पुडी भरल्यावर तीतली हवा दाबून काढावी आणि एका थरावर तळहाताने जोर देऊन मगच दुसरा थर लावावा. पहिल्या खेपेला निम्मेही मावत नाही आणि घरात भांडण होते. दुसऱ्या खेपेला मावते.

तिसऱ्या खेपेलाही मावले नाही, तर हट्ट न करता शिधा तोडावा. वाटेवर साधारण सातव्या दिवशी, ग्लेन खिंड उतरल्यावर, कियरसार्ज खिंडीकडे फाटा फुटतो. तिकडून ओनियन व्हॅलीला उतरून एखाद्या मित्राकडून तीन-चार दिवसांचा शिधा घेता येतो. जाऊन-येऊन पंधराएक मैल आणि जवळजवळ दीड दिवस खर्च होतो, पण त्रेसष्टाव्या वर्षी पाठीवर नऊ दिवसांऐवजी सहा दिवसांचे ओझे असणे ही थोडीथोडकी गोष्ट नाही. मी आपल्या जागी असतो तर हेच केले असते. म्यूर ट्रेल रँचला पाठवायचा शिधा पाच गॅलनच्या झाकणाच्या प्लास्टिक बादलीतच पाठवावा लागतो, खोक्यात नाही, आणि तो काही आठवडे आधी टपालात पडायला हवा. किंग्ज कॅन्यनच्या हद्दीत वूड्स क्रीक, रे लेक्स, व्हिडेट मेडो अशा काही मुक्कामांवर लोखंडी फूड लॉकर आहेत. तिथे एखादी रात्र डब्याबाहेरचे सामान ठेवता येईल. पण ते सगळ्यांचे असतात आणि भरलेले सापडू शकतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर शिधा वाढवू नये.

पुष्कळांचे गणित चुकते ते खाण्याच्या नव्हे, वासाच्या वस्तूंवर. अस्वलाच्या लेखी जे जे वास मारते ते ते खाणे. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन आणि ओठांचे मलम हे नेहमीच्या याद्यांत असते. मराठी घरातून निघणाऱ्यांच्या याद्यांत आणखी काही असते आणि ते कुठल्याही इंग्रजी पत्रकात सापडत नाही : खोबरेल तेलाची छोटी बाटली, गुडघ्यांना चोळायचा बाम, बडीशेप, सुपारी, कापराची डबी, आवळा सुपारी, प्रवासात मळमळू नये म्हणून ठेवलेले आले. हे सगळे रात्री डब्यात. खरकट्या पुड्या, चहाची भुकटी आणि वापरलेले टिश्यूसुद्धा डब्यात. पाठपिशवीच्या पट्ट्यावरचे खिसे रोज संध्याकाळी उलटे करून झटकावेत. माझ्या एका खिशात खडीसाखरेचे चार खडे राहिले होते. अस्वल आले नाही, पण उंदराने खिशाला रुपयाएवढे भोक पाडले. वास बंद करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांवर विसंबू नये. त्या भरताना आपल्याच बोटांना लागलेले तूप बाहेरून राहतेच.

फोडणीचा मोह मुक्कामावर आवरावा. हिंग-लसणाचा घमघमाट खोरेभर जातो. संध्याकाळी पाचच्या सुमारास वाटेत पाण्याजवळ थांबून चहा-जेवण उरकावे, भांडी विसळावीत, आणि पुढे मैल-दीड मैल चालून कोऱ्या जागी तंबू टाकावा. ही सवय मला फार उपयोगी पडली. जेवताना प्रत्येक डबा कुणाच्या तरी हाताच्या अंतरावर असावा. सगळे मिळून सूर्यास्त पाहायला गेले आणि डबा उघडा राहिला, हाच प्रसंग सर्वांत जास्त वेळा घडतो, आणि तो दिवसाउजेडी घडतो.

बाबांच्या घासाविषयी. राष्ट्रीय उद्यानात कोणत्याही प्राण्या-पक्ष्याला खाऊ घालणे बेकायदा आहे, आणि खडकावर ठेवलेला तो घास पाखरापर्यंत पोचण्याआधी खारीने किंवा मार्मोटने (खारीच्याच कुळातल्या जाडजूड प्राण्याने) उचललेला असेल. पुढच्या प्रवाशाच्या पिशवीला भोक पाडण्याचे धडे ते त्या घासावरच घेतात. पण "बाबा, हे इथे चालत नाही" असे जेवायला बसल्यावर, तेही जावयासमोर, सांगू नये. निघण्याआधी घरीच बोलावे. घास काढावा, तो ताटलीच्या कडेला ठेवावा, मनात जे म्हणायचे ते म्हणावे आणि शेवटी प्रसाद म्हणून स्वतःच खावा. घरात सोवळे-ओवळे पाळणाऱ्या माझ्या आजोबांनी आगगाडीच्या प्रवासात आयुष्यभर हेच केले आणि त्यांना कधी काही उणे वाटले नाही. त्याबरोबर त्यांना एक काम द्यावे : तिन्ही डब्यांचे कोठावळे बाबा. कोणता डबा कधी उघडायचा, रात्री तिन्ही झाकणे बसली की नाही हे हाताने फिरवून पाहायचे आणि सकाळी मोजून घ्यायचे. चाळीस वर्षे डोंगरात काढलेल्या माणसाला सूचना दिलेल्या आवडत नाहीत, जबाबदारी दिलेली आवडते.

अस्वल आलेच तर तिघांनी एकत्र उभे राहून हात वर करावेत, भांडी वाजवावीत, मोठ्याने ओरडावे. पळू नये, आणि त्याने काही पळवले असेल तर ते परत मिळवायला जाऊ नये. मिरचीचा फवारा योसेमिटीत बाळगायलाच बंदी आहे, तेव्हा तो विकत घेऊ नये.

राहिला चिवडा. तो आपण पत्रात लिहिला नाहीत, पण पुण्याहून येणारे बाबा दोन किलो चिवडा आणणार हे मी गृहीत धरतो. तो डब्यात घेऊ नये. डोंगर उतरून आपण जिथे बाहेर पडाल त्या व्हिटनी पोर्टलला आपल्याला न्यायला जो कुणी येईल त्याच्याकडे तो सोपवून ठेवावा, आणि त्याला बजावून सांगावे की रात्री तिथे थांबणार असेल तर पिशवी गाडीत न ठेवता वाहनतळाजवळच्या लोखंडी लॉकरमध्ये ठेवावी आणि लॉकरची खिट्टी पूर्ण बसली आहे की नाही ते ओढून पाहावे.